हळदीची माती आणि पांढरे कपडे

बेलापूरच्या गहिनीनाथ पैलवानाचं एक ठाम मत होतं आणि ते त्याने, कुणी विचारायची वाट न बघता, सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं होतं. कुठलीही मारामारी शेवटी जमिनीवर येते, आणि जमिनीवर आली की तिची कुस्तीच होते. लाठी, बॉक्सिंग, ते नवं कराटे, सगळं म्हणजे जमिनीवर येईपर्यंतचा टाइमपास.

ह्या मताला कुणी आव्हान दिलं नव्हतं हेही खरं. गेल्या कित्येक वर्षांत पैलवानाची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, कारण गेल्या कित्येक वर्षांत पैलवान कुस्तीच खेळला नव्हता. पन्नाशी उलटलेली. कान मोडून मोडून भज्यासारखे झालेले. डावा गुडघा असा, की जिना चढताना आवाज आधी वर पोचायचा आणि पैलवान नंतर. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी होती, पण ती पोटासाठी. जीव अडकला होता तो प्रवरेकाठच्या तालमीत.

तालीम म्हणजे तरी काय! ग्रामपंचायतीची एक दगडी खोली, बाहेर रुंद ओटा, आत मातीचा हौदा आणि कोनाड्यात मारुतीची तसबीर. पण ती माती! तिच्यात तिळाचं तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून पैलवान रोज पहाटे ती फावड्याने खालीवर करायचा. घरातली भाजी त्याने कधी एवढ्या मायेने ढवळली नव्हती. त्याची बायको गोजरबाई म्हणायची, "पाव्हण्याला द्यायला ताकाचा थेंब न्हाई, अन् मातीला गाडगंभर! पुढच्या जल्मी मला तालमीतली माती कर म्हनून सांगनार हाय मी देवाला."

एवढं करून त्या मातीत उतरायचं कोण? चांगला दिवस असला तर चार पोरं. गावात नुकतीच केबल आली होती. पडद्यावर कुणीतरी चपट्या डोळ्यांचा माणूस हवेत गिरकी घेऊन एका लाथेत सहा जणांना आडवं करायचा, आणि ते बघून गावातल्या पोरांना बैठका मारणं अडाणीपणाचं वाटायला लागलं होतं. लाथेला जोर न लागता सहा जण पडतात म्हटल्यावर बैठका मारायच्या कशाला, असा त्यांचा हिशेब.

अशा मोक्यावर राहात्याहून योगेश सर लुनावर बसून गावात आले. तिशीचे, काटकुळे, पांढराशुभ्र कोट-पायजमा आणि कमरेला काळा पट्टा. त्यांनी शाळेच्या मैदानावर कराटेचा क्लास उघडला आणि महिन्याभरात निम्मी शाळा पांढऱ्या कपड्यांत "हू! हा!" करायला लागली. अडचण एकच आली. क्लास अनवाणी, आणि शाळेचं मैदान सराट्यांनी भरलेलं. पोरं लाथ मारायची एकदा आणि काटे काढत बसायची दहादा. हळूहळू लोकांना वाटायला लागलं, कराटे म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा तळवा बघणं.

सरांनी मग सरपंच रंभाजीरावांकडे खोली मागितली. गावात रिकामी खोली एकच, तालीम. रिकामी म्हणजे, पैलवान आणि चार पोरं सोडली तर.

रंभाजीराव नाही म्हणणारा माणूस नव्हता. हो म्हणणाराही नव्हता. तो म्हणाला, "बघू." आणि त्याच दिवशी गावाला कळलं की तालीम जाणार.

पैलवानाच्या पायाखालची मातीच सरकली. त्या खोलीत वस्ताद नावाच्या म्हाताऱ्याने त्याला बारा वर्षांचा असल्यापासून घडवलं होतं. वस्ताद गेला तेव्हा फावडं ह्याच्या हातात देऊन गेला. ती खोली गेली तर गहिनीनाथ कोण? वजनकाट्यावरचा माणूस. बस.

मच्छिंद्रच्या चहाच्या हॉटेलात वाद पेटला. वाद घालणाऱ्यांपैकी कुणी आयुष्यात धड थोबाडीत खाल्लेली नव्हती, त्यामुळे वाद फारच जोरदार झाला.

"कुस्तीत मानूस धरावा लागतो," मच्छिंद्र कपबशा विसळत म्हणाला. त्याचा पोरगा क्लासला जात होता. "सर धरू देतील तवा ना! लांबूनच लाथ."

"लाथ मारली म्हंजी एकच पाय राह्यला ना खाली?" पैलवान म्हणाला. "दोन पायाचा मानूस पाडायला कष्ट पडत्यात. एका पायाचा पाडायला काय लागतं?"

"तुमी दोघंबी गप बसा," गोरक्षनाथ म्हणाला. हा फौजेतून रिटायर झालेला. आपल्याकडे फौजेतून आलेला शिपाई असो की स्वयंपाकी, त्याला मेजरच म्हणतात, तसा हाही मेजर. "बॉक्सिंगफुडं कायबी चालत न्हाई. आमच्या युनिटात एक सरदारजी होता, एक ठोसा दिला की मानूस सरळ लंगरखान्यात."

"दवाखान्यात म्हना."

"लंगरखान्यात. शिरा खाऊ घालायचा नंतर. दिलदार हुता."

शेवटी रंभाजीरावांनी, दोन्हीकडची मतं डोळ्यांपुढे ठेवून, तोडगा काढला. मतं म्हणजे निवडणुकीतली. गावच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो, त्यात शेवटची जोड लावायची, पैलवान आणि सर. हरेल त्याने खोलीचं नाव सोडायचं.

घरी कळल्यावर गोजरबाईने भाकरी थापता थापता नवऱ्याकडे पाहिलं. "गुडघा वाजतोय खुळखुळ्यावानी, अन् निघाले झुंजायला. त्या सराच्या वयाचं पोरगं असतं तुमाला."

"न्हाई ना पन. पोरगी हाय," पैलवान म्हणाला.

पोरगी म्हणजे भारती. नववीत. ती त्या वेळी दोरीवरचे कपडे काढत होती, आणि त्यात एक पांढरा कोट-पायजमा होता. पैलवानाने तो पाहिला. गोजरबाईने पैलवानाने पाहिलेलं पाहिलं.

"शिवनक्लासचा हाय," ती म्हणाली.

"कमरेचा पट्टाबी शिवनक्लासचा?"

आता ओरडण्यात अर्थ नव्हता. पैलवान चतुर माणूस, त्याने राग गिळला आणि भारतीला जवळ बसवलं. "बरं, गेलीस तर गेलीस. मला एवढंच सांग, तुझा सर लाथ मारतो ती आदी उजवी का डावी?"

भारतीने कपड्याची घडी घातली. "न्हाई सांगनार."

"अगं, बाप हाय मी तुझा!"

"आप्पा, वस्तादाचा डाव दुसऱ्याला सांगायचा न्हाई, हे तालमीतल्या पोरांना तुमीच सांगता. मी ओट्याखाली उभी राहून ऐकलंय."

पैलवानाने तोंड वाईट केलं, पण मिशीच्या आत कुठेतरी बरंही वाटलं. चार पोरांपैकी एकाने तरी ती शिकवण लक्षात ठेवली असेल याची त्याला खात्री नव्हती.

जत्रेच्या हगाम्याला बेलापूर लोटलं, श्रीरामपूरहून माणसं आली, झाडांवर पोरं चढली. बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या, मोठ्या झाल्या, मग हलगी थांबली आणि शेवटची जोड पुकारली. पंच म्हणून मेजर. कारण तो दोन्हींचा सारखाच तिरस्कार करायचा.

पैलवान लांग कसून उतरला. समोरून सर आले, पांढरे कपडे उन्हात डोळ्यांवर येत होते. आले, पाय जुळवले आणि कराटेच्या रिवाजाप्रमाणे पैलवानापुढे कमरेत वाकले.

पैलवानाला वाटलं, पोरगं पाया पडतंय. रीतीचं दिसतंय. त्याने सरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "औक्षवंत व्हा."

लोक हसले. सर गोरेमोरे झाले आणि मेजरकडे वळून पंच म्हणून त्यालाही वाकले. मेजरने सॅल्यूट ठोकला.

आता पुढचं जे झालं त्यात कुणाचाच दोष नव्हता, आणि म्हणूनच ते निस्तरायला इतके दिवस लागले. कुस्तीत जोड भिडण्याआधी पैलवान मूठभर माती घेऊन समोरच्याच्या अंगावर टाकतो. घामाने पकड निसटू नये म्हणून. म्हणजे ही समोरच्याची सोय. माती न टाकणं हा उलट हलकटपणा. तर गहिनीनाथने भली मोठी मूठ भरली आणि आदराने सरांच्या छातीवर फेकली. आणि नेमके त्याच वेळी सर तिसऱ्यांदा, ह्या वेळी लोकांना, वाकले.

हळद, लिंबू, कापूर, सगळं डोळ्यांत!

"अरे, चीटिंग!" सर ओरडले. आंधळ्या माणसासारखी त्यांनी एक लाथ झाडली, ती पैलवानाच्या उजव्या मांडीवर फाट्कन बसली. पैलवान कळवळला, पण अंगातली तीस वर्षांची सवय कळवळायला थांबत नाही. त्याचा हात सरांच्या कमरेला गेला, आणि तिथे काय सापडलं? जाड, सुती, दोन पदरी, पक्क्या गाठीचा पट्टा! उभ्या हयातीत त्याला समोरच्याने असा मुठीत धरायला दस्ता करून दिला नव्हता. त्याने पट्टा धरून सरांना उचललं आणि गादी अंथरावी तसं पाठीवर अंथरलं.

"चितपट!" अर्धं गाव ओरडलं. हलगी कडाडली.

कुस्तीत पाठ टेकली की संपलं. राग संपला, वैर संपलं. जिंकणाऱ्याने हात देऊन हरलेल्याला उठवायचं. पैलवान वाकला आणि सरांना हात द्यायला गेला. पण कराटेत पाठ टेकली म्हणजे काहीच नाही, फक्त आडवं पडणं. सरांना डोळ्यांतल्या हळदीतून एवढंच दिसलं की एक काळी आकृती अंगावर येते आहे. त्यांनी पडल्या पडल्या पाय झाडला. तो लागला डाव्या गुडघ्यावर.

पैलवान "आई गं" म्हणून मातीत बसला. दोघंही जमिनीवर.

मग जे माजलं! "पाठ टेकली, पैलवान जिंकला." "उभा होता तो बसला, सर जिंकले." "माती डोळ्यांत टाकली, पैलवान बाद." "हात देनाऱ्याला लाथ? सर बाद." मच्छिंद्र एका माणसाच्या गळपट्टीला जाऊन भिडला. त्या गर्दीत दोन माणसं एकमेकांना ज्या पद्धतीने मारत होती तिला कुठल्याच वस्तादाने नाव दिलेलं नाही. ती म्हणजे केस धरणं, शर्ट फाडणं आणि "सोड मला, सोड मला" म्हणत न सुटणं.

रंभाजीरावांनी मेजरच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मेजरने दोघांचे हात वर केले. "जोड बरोबरीत सोडवली!" खोली अर्धी अर्धी. सकाळी कुस्ती, संध्याकाळी कराटे.

पैलवान आठ दिवस गुडघ्याला एरंडाचं पान बांधून पडून होता. गुडघ्यापेक्षा "चीटिंग" जास्त ठणकत होतं. उभ्या आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. उठला तो एकच अट घेऊन सरांकडे गेला, बायामाणसांचा पाय हौद्याला लागायचा नाही, तिथे मारुती आहे. मुलींनी बाहेर ओट्यावर काय ते करावं.

"मारुतीला काय तालमीनं जल्म दिला व्हय?" गोजरबाई म्हणाली. "त्याचीबी आई बाईच हुती."

"तुला त्यातलं कळत न्हाई."

"कळतंय म्हनून तर इचारते."

सरांनी अट मान्य केली. त्यांना खोली हवी होती. मुली ओट्यावरच्या दगडी फरशीवर, मुलगे आत हौद्यात, अशी सोय लागली. सरांनी मातीवर ताडपत्री घालून पाहिली, पण मऊ मातीवर ती गोळा व्हायची आणि पोरं तिच्यात पाय अडकून पडायची. मग तीही काढली.

आणि इथे, ज्या गोष्टीचा हॉटेलातल्या एकाही विद्वानाने विचार केला नव्हता, ती गोष्ट कामाला लागली. ते पांढरे कपडे धुणार कोण?

पहिल्याच संध्याकाळी मुलगे घरी गेले ते पिवळे होऊन. हळदीचा डाग उन्हात उडतो, पण तेलात मुरलेला उडत नाही. आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मच्छिंद्र बाई नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतल्या दगडावर आपल्या पोराचा कोट पाहिला, त्यावर लालभडक ओघळ, आणि तो पेटला. हॉटेलातला उलथना घेऊन धावत तालमीत आला.

"कुनी फोडला माझ्या पोराला? किती रगात गेलंय! भायेर ये गहिन्या!"

पैलवान फावडं हातात घेऊन बघतच राहिला. त्याला वाटलं, आता उलथना विरुद्ध फावडं अशी नवीन जोड लागते. तेवढ्यात मागून मच्छिंद्रची बायको लंकाबाई, हाताला साबणाचा फेस, पदर खोचलेला, धापा टाकत आली.

"अहो, हळद हाय ती, हळद! एवढ्या वर्सात कंदी एक फडकं जरी धुतलं असतं तर कळलं असतं! चला घरी!" आणि पैलवानाकडे वळून, "अन् तुमी वो भाऊजी, मातीला हळद लावताय ती काय नवरी हाय का तुमची? रोज रोज कोन घासनार? उद्यापासून माझं पोरगं येनार न्हाई. ना तुमच्याकडं, ना त्या सराकडं."

एका बाईने तोंड उघडल्यावर बाकीच्यांना कशाची वाट बघायची होती? आळीआळीतून मुलगे कमी होत गेले. जे काम गहिनीनाथच्या पकडीने झालं नाही आणि सरांच्या लाथेने झालं नाही, ते गावातल्या बायकांनी धुण्याच्या दगडावर बसून केलं. पावसाळ्याच्या आत हौद्यात एक पोरगा उरला नाही. ओट्यावरच्या मुली मात्र एक गळली नाही. फरशीवर माती नव्हती म्हणून कपडे कमी मळायचे हे एक. दुसरं म्हणजे, मुली आपले कपडे आपण धुवायच्या.

पण मूठभर मुलींसाठी सरांना रोज राहात्याहून येणं परवडेना. एका संध्याकाळी ते लुना लावून पैलवानाच्या दारात आले. तालमीची किल्ली खाटेवर ठेवली.

"खोली तुमची, पैलवान. मी क्लास बंद करतोय."

पैलवानाने किल्ली उचलली. इतके महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते हातात आलं. आता उड्या मारायला हव्या होत्या. गुडघा असता तर मारल्याही असत्या.

"बसा," तो म्हणाला. "च्या घ्या. त्या दिवशी माती मी आदरानं टाकली हुती. आमची रीत हाय ती."

"मला नंतर कळलं. आणि तुम्ही हात द्यायला आला होतात, तेही. गुडघ्यालाच लागावं, असं काही मनात नव्हतं माझ्या. तो दुखरा आहे हेच ठाऊक नव्हतं मला." सर जरा घुटमळले. "खरं सांगायचं तर मी आदल्या दिवशी भारतीला विचारलं होतं. तुझे वडील कुठल्या अंगाने कच्चे आहेत म्हणून. चुकलंच माझं. ती काही बोललीच नाही. वर मला म्हणाली, सर, असं विचारायचं नसतं."

आत भांडी घासण्याचा आवाज एकदम थांबला.

पैलवान किल्ली बोटांत फिरवू लागला. बापाने विचारलं, तेव्हा सरांचं सांगितलं नाही. सरांनी विचारलं, तेव्हा बापाचं सांगितलं नाही. वस्ताद म्हणायचा, डाव कुणालाही शिकवता येतो, इमान शिकवता येत नाही, ते असलेलं पोरगं शोधावं लागतं. तो तीस वर्षं हौद्यात शोधत होता. आणि ती ओट्याखाली उभी होती.

भारती दारात आली. हात राखेने माखलेले. "म्हंजी आता आमी कुठं जायचं?"

सरांनी पैलवानाकडे पाहिलं.

"आप्पा, मी तुमाला इचारते."

"फावडं घे," पैलवान म्हणाला, आणि चपला शोधायला लागला. "अन् सर, तुमी रोज नका येऊ. आठवड्यातनं जमंल तवा या. बाकीचे दिवस मी बघतो."

"अहो, पण हौद्यात मुली..." सर म्हणाले. "तुमची अट होती ना. मारुती."

"त्याचं मी बघतो म्हनलं ना."

दुसऱ्या दिवसापासून बेलापूरने एक नवीनच प्रकार पाहिला. संध्याकाळी मुली आल्या की पैलवान कोनाड्यातली मारुतीची तसबीर काढायचा, पदराआड मूल घ्यावं तशी उपरण्यात घ्यायचा आणि बाहेर ओट्यावर येऊन तिच्यासकट बसायचा. मारुती बाहेर, मुली आत. नियम जागच्या जागी. मेजर जाता जाता थांबला.

"काय पैलवान, देव भायेर?"

"आत लई उकडतं त्याला," पैलवान म्हणाला.

पांढऱ्या कपड्यांचा प्रश्न गोजरबाईने सोडवला. तिने सगळ्या मुलींचे कपडे एका घमेल्यात घातले आणि चक्क काव लावून विटकरी करून टाकले. सर म्हणाले, कराटेचा पोशाख पांढराच असतो. गोजरबाई म्हणाली, "तुमी धुनार का?" सर एक पाऊल मागे सरले. कुठल्या वारापुढे हटायचं हे कराटेत शिकवतात.

आत सर लाथा शिकवायचे आणि बाहेर पैलवान, आत बघायचं नाही असं ठरवून, दारातून सतत आत बघायचा. "अगं, लाथ मारलीस तर पाय मागं घे लौकर, न्हाईतर कुनीबी उचलंल!" मग सर म्हणायचे, "पैलवान, तुमची वेळ नाही ही." पैलवान म्हणायचा, "मी मारुतीशी बोलतोय."

आणि एका संध्याकाळी सर भारतीला ठोसा अडवायचा कसा हे दाखवत होते. त्यांनी हात पुढे फेकला. तो अडवायचा सोडून भारतीने मनगट धरलं, गर्रकन वळली, तो हात खांद्यावर घेतला आणि दगडावर धुणं आपटावं तसं सरांना खांद्यावरून मातीत घातलं. धोबीपछाड! अगदी वस्तादाच्या हातचा. पैलवानाने तो तिला कधीच शिकवला नव्हता. ओट्याखाली उभं राहून आणखी काय काय शिकली होती पोरगी, देव जाणे.

मुली किंचाळल्या. सर पाठीवर पडल्या पडल्या छताकडे बघत होते. आणि भारतीने वाकून हात पुढे केला.

सरांनी एक क्षण त्या हाताकडे पाहिलं. पाय अजिबात झाडला नाही. हात धरला आणि उठले.

बाहेर पैलवानाने तसबीर छातीशी धरली आणि मेजर दूर कोपऱ्यावर होता तरी त्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला, "पाठ टेकली रे, मेजर! हलगीवाल्याला बोलाव!"